तीन मांजरं, तीन ताटल्या

गेले तीन शनिवार काही लिहून झालं नाही. कारण विचाराल तर मांजरं. हसू नका. ज्यांच्या घरी एक मांजर आहे त्यांना हे कारण पटणार नाही. ज्यांच्या घरी तीन आहेत ते आत्ता वाचता वाचता मान डोलावत असतील.

आधी पात्रपरिचय करून देतो.

ठमी. वय १४. २०११ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मंडईतून येताना भाजीच्या पिशवीतून आणली. खाली दोडकी, वर मांजर. आईनं तेव्हा "हे घरात राहणार नाही" असं जाहीर केलं होतं. तेव्हापासून ठमी आईच्या उशाशी झोपते.

सरदार. वय साधारण सात. हा बोका मूळचा सोसायटीचा, म्हणजे कुणाचाच नव्हे. २०१९ मध्ये जिन्यात बसायला लागला, मग पायपुसण्यावर, मग सोफ्यावर. वजन ६ किलो ८०० ग्रॅम. बसला की तांब्या वाटतो, झोपला की लोड.

पॉपकॉर्न. २०२५ च्या जुलैत पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटखाली सापडलं. भिजलेलं, ओरडणारं, तळहातावर मावणारं पिल्लू. नाव लेकीनं ठेवलं. आई त्याला "पापकन" म्हणते आणि ते आईच्याच हाकेला येतं.

आता गंमत अशी, की या तिघांची पथ्यं तीन वेगळ्या दिशांना तोंड करून बसलेली आहेत.

ठमीला २०२५ च्या फेब्रुवारीत मूत्रपिंडाचा आजार निघाला. पाणी फार प्यायला लागली होती, कातडी सैल झाली होती. क्रिएटिनिन २.६. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात, त्यातली दुसरी. मूत्रपिंडाचं साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत रक्तात फारसं काही दिसत नाही, त्यामुळे दिसलं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. याला मुख्य औषध म्हणजे खाणंच. फॉस्फरस कमी, प्रथिनं मोजकी पण चांगल्या प्रतीची, आणि रक्तातली आम्लता वाढू न देणारं.

सरदारची २०२२ मध्ये लघवी तुंबली होती. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात स्ट्रुव्हाइट नावाचे खडे अडकतात. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक ते. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आम्ही त्याला रात्री अकरा वाजता टोपलीत घालून नेला, कॅथेटर घातला, तीन दिवस दवाखान्यात ठेवला. तेव्हापासून त्याला जे खाणं आहे ते लघवी मुद्दाम आम्लधर्मी ठेवणारं. शिवाय वजन कमी करायचं, तेही हळूहळू. कारण जाड मांजराला एकदम उपाशी ठेवलं, तर दोन-चार दिवसांत चरबी यकृतात साचायला लागते आणि वेगळंच संकट उभं राहतं.

पॉपकॉर्न वाढीच्या वयातलं. त्याला भरपूर प्रथिनं, भरपूर कॅल्शियम, भरपूर फॉस्फरस आणि किलोमागे मोठ्या मांजराच्या दुपटीहून जास्त उष्मांक हवेत.

आता हे तक्त्यात मांडून बघा. पिल्लाचं खाणं ठमीनं खाल्लं तर फॉस्फरस वाढला. सरदारचं ठमीनं खाल्लं तर आम्लता वाढली. ठमीचं पिल्लानं खाल्लं तर वाढ खुंटली. पिल्लाचं सरदारनं खाल्लं तर सरदार आठ किलोचा. सहा शक्यता, सहाही चुकीच्या. ऑफिसमध्ये कुणी असं डिझाइन आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. पण घरात जे आहे ते प्रॉडक्शनवर चालू आहे, परत कुठे पाठवणार?

आई हे सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "आमच्याकडे चार-चार मांजरं होती. एका करवंटीत जेवायची."

खरंय. माझ्या आजोळी, कोकणात, मागच्या पडवीत मांजरं असायची. नक्की किती ते कुणी मोजलं नव्हतं. दुपारी बांगड्याची डोकी आणि काटे आणि वर उरलेल्या भाताचा गोळा असं आजी एका फुटक्या करवंटीत टाकायची आणि "मनीऽऽ" अशी एकच हाक. सगळ्यांचं नाव मनी. ती हाक ऐकून माडाखालून, गोठ्यातून, कौलांवरून मांजरं यायची. कुणाला मूत्रपिंड आहे की नाही हा प्रश्नच नव्हता.

पण मी जरा आठवून बघितलं. त्यातलं एकही मांजर म्हातारं झालेलं मला आठवत नाही. प्रत्येक मे महिन्यात आम्ही गेलो की वेगळीच मांजरं असायची. "मागची पांढरी कुठे गेली?" असं विचारलं की आजी म्हणायची, "गेली असेल कुठे." बस. पाणी फार पीत होती का, लघवी तुंबली होती का, की कोल्ह्यानं नेली, कुणाला ठाऊक? आम्हाला एका करवंटीतली मांजरं आठवतात कारण नंतरचं आम्ही कधी बघितलंच नाही. आठवणी रम्य असतात त्याचं निम्मं कारण हेच असावं.

आजीकडे एक गोष्ट मात्र आमच्यापेक्षा चांगली होती. शिंकं! आढ्याला टांगलेलं काथ्याचं शिंकं आणि त्यात दुधाचं भांडं. आपण ज्याला अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतो ते हेच. ना पासवर्ड, ना बॅटरी. आणि त्याची सुरक्षा कशी मोडते हेसुद्धा भाषेनं नोंदवून ठेवलंय, शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं! आमच्या घरात शिंकं रोज तुटत होतं आणि बोका रोज जाड होत होता.

मग मी कामाला लागलो.

पहिला उपाय वेळेचा. दिवसभर भरलेल्या वाट्या उचलल्या आणि सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ अशा तीन पंगती ठरवल्या. सरदारचा हिशोब मांडला. किलोतल्या वजनाचा ०.७५ घात घ्यायचा आणि त्याला ७० नं गुणायचं, म्हणजे आराम करणाऱ्या मांजराला लागणारे उष्मांक मिळतात. (आराम करण्यात सरदारचा हात कुणी धरणार नाही.) त्याचं योग्य वजन ५ किलो धरलं तर २३४ येतात. वजन उतरवायचं म्हणून त्याचे ८० टक्के, म्हणजे १८७. त्याच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३७० लिहिलंय. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. पन्नास ग्रॅम किती दिसतं माहितीये? चहाच्या कपात तळाला दिसतं. सरदारनं वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. अप्रेझलच्या वेळी मी मॅनेजरकडे असंच बघतो.

सरदारनं सात सेकंदांत आपलं संपवायचं आणि ठमीच्या वाटीशी जाऊन उभं राहायचं, असं सुरू झालं. मारामारी नाही, आवाज नाही. नुसतं जाऊन उभं राहायचं. आणि ठमी उठून बाजूला व्हायची. म्हातारी माणसं रांगेतून होतात तशी.

दुसरा उपाय चिपचा. मांजराच्या खांद्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. त्यात बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातच तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला १५ अंकी नंबर सांगते. चिप ओळखून झाकण उघडणाऱ्या वाट्या बाजारात मिळतात. मी ती घरी बनवायला घेतली. १३४.२ किलोहर्ट्झचं रीडर मॉड्यूल, एक छोटी मोटर, एक जुना डबा. दोन शनिवार-रविवार गेले. बायको म्हणाली, "विकत का नाही आणत?" मी म्हणालो, "त्यात काय मजा?" यावर तिनं जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

चालली का? चालली! ठमीनं डोकं घातलं की झाकण उघडायचं, काढलं की मिटायचं. तीन दिवस मी फार खुशीत होतो. चौथ्या दिवशी बघतो तर ठमी खातेय आणि तिच्या हनुवटीखालून सरदारनं तोंड घातलंय. झाकण उघडं, कारण अधिकृत व्यक्ती हजर! आमच्या आयटी पार्कच्या दारात एक जण कार्ड लावतो आणि त्याच्या पाठोपाठ चार जण आत जातात, अगदी तेच. तिथे निदान सुरक्षारक्षक ओरडतो. ठमी ओरडली नाही. तिनं डोकं काढून घेतलं.

शेवटी जे चाललं ते सगळं विनावीज. पॉपकॉर्नसाठी एक पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, त्याला पिल्लापुरतं भोक पाडलं आणि वाटी आत ठेवली. सरदारनं पहिल्याच दिवशी भोकात डोकं घातलं आणि खोक्यासकट घरभर फिरला. (लेकीनं व्हिडिओ काढला. तो नातेवाईकांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरून मलाच परत आला.) हा उपाय अर्थात मुदतीचा, पिल्लू भोकाएवढं होईपर्यंतचा. सरदारला बाल्कनीत, दार लावून. आणि ठमीला आईच्या खोलीत, जमिनीवर, दार लावून. उंचावर ठेवून चालत नाही, तिचे सांधे धरलेत. वीस मिनिटांनी सगळ्यांची सुटका.

एवढी सुटसुटीत व्यवस्था लागल्यावर मी नोंदी ठेवायला सुरुवात केली. मी नोंदी ठेवणारा माणूस आहे, काय करणार! वाटी आधी वजन करून ठेवायची, नंतर वजन करून उचलायची, दर रविवारी तिन्ही मांजरांचं वजन. त्यासाठी स्वयंपाकघरातला काटा घेतला म्हणून बेसनाचे लाडू त्या आठवड्यात अंदाजानं झाले.

ठमीचं वजन फेब्रुवारीत ३.६ होतं. जुलैत ३.३. ऑगस्टच्या शेवटी ३.१. तोपर्यंत मी सगळा दोष सरदारवर टाकत होतो. तिची वाटी रोज रिकामी व्हायची आणि ती रोज वाळायची, म्हणजे तिचं कोण खातंय ते उघड होतं. आता दार लावल्यावर तिचं वजन वाढायला हवं होतं. पण नोंदींत काही वेगळंच दिसायला लागलं. वाटीत ४० ग्रॅम टाकले की ३० उरायचे. कधी ३३. म्हणजे सरदार तिचं पळवत होता हे खरं, पण ती तसंही खातच नव्हती! आमच्या धंद्यात हे नेहमीचं. एक बग काढला की त्याच्या मागे लपून बसलेला दुसरा दिसतो. सरदार सगळं संपवत होता म्हणून सहा महिने आम्हाला वाटत होतं की वाटी रिकामी होतेय, चांगलं चाललंय.

पण दिवसाला दहा ग्रॅमवर मांजर जगतं कसं? हिशोब जुळत नव्हता. मग मी जुना मोबाइल आईच्या खोलीतल्या कपाटावर कॅमेरा म्हणून लावला. आईला सांगून लावला, पण तो रात्रभर चालू असतो हे बहुधा तिच्या लक्षात राहिलं नाही.

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. आई उठली, स्वयंपाकघरात गेली, स्टीलची छोटी वाटी घेऊन आली. पलंगाच्या कडेला बसली. बोटानं कालवून कालवून मऊ केलेला दूधभात. ठमी तिच्या मांडीशी आली आणि आईच्या बोटावरून चाटून चाटून खायला लागली. आई काहीतरी बोलत होती, आवाज नीट आला नाही. दहा मिनिटं हे चाललं. मग आईनं वाटी साडीच्या पदरानं पुसली आणि खाटेखाली सारली. पुरावा नष्ट! मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे दोघींचे डोळे मिटलेले.

मी सकाळी चहाच्या वेळी भाषण दिलं. चांगलं मुद्देसूद दिलं. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा घटक त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच यावा लागतो. तो कमी पडला तर हृदय पसरतं हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, मग जगभरच्या मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. आई म्हणाली, "अरे, तिला गोड लागतं दूध." मी म्हणालो, "मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखायला दोन जनुकं लागतात, त्यातलं एक मांजरात बिघडलेलं आहे. २००५ मध्ये सिद्ध झालंय."

आई म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून दूधभात बंद. नियम म्हणजे नियम. मला अगदी समाधान वाटलं.

ठमीनं त्या दिवशी चार ग्रॅम खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नाही. वाटीचा वास घ्यायची, पंजानं जमीन उकरल्यासारखं करायची (मांजर घाण झाकताना करतं तसं) आणि पलंगाखाली जाऊन बसायची. दुपारी मी मीटिंगमधून उठून आलो तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. काट्यावर ठेवली. २.९. हातात घेतली तर कणे मोजता येत होते.

डॉक्टरांकडे नेली. गेली अनेक वर्षं तेच बघतात तिला. त्यांनी हिरड्या बघितल्या, कातडी ओढून बघितली, कातडीखाली सलाईन दिलं, मळमळ थांबवायचं इंजेक्शन दिलं. मी माझा तक्ता काढला. त्यांनी तो खरंच नीट वाचला. मग विचारलं, "दूधभात बंद करून दुसरं काय सुरू केलंत?"

मी म्हणालो, "काही नाही. पथ्याचं होतंच की."

"ती ते खात नव्हती हे तुमच्याच तक्त्यात आहे."

मी गप्प.

ते म्हणाले, "हे बघा, पथ्याचं खाणं चांगलंच आहे, त्यानं आयुष्य वाढतं, मी ते सोडा म्हणत नाही. पण ते पोटात गेलं तर. पथ्य पाळून उपाशी राहिलेलं मांजर मला वाचवता येत नाही. आधी ती खाऊ दे. काय खाते ते आपण नंतर बघू. मूत्रपिंडाच्या आजारात मळमळ असते, अन्नावरची वासना जाते. त्यातही तुम्ही तिला गार वाटी ठेवून दार लावता. आई तिला कोमट देतात, हातानं देतात."

घरी येताना रिक्षात टोपली मांडीवर होती. आई शेजारी बसली होती. हट्टानं आली होती बरोबर. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला ती एकदम म्हणाली, "तू ह्यांनाही असंच केलंस."

मला कळलं ती काय म्हणतेय ते. तरी मी विचारलं, "काय केलं?"

"शेवटच्या उन्हाळ्यात एक फोड दिली नाहीस."

अण्णा २०१९ च्या जूनमध्ये गेले. वीस वर्षांचा मधुमेह, त्यानं मूत्रपिंडं गेलेली. आंब्यात साखर आणि आंब्यात पोटॅशियम, दोन्ही त्यांना वर्ज्य. मे महिन्यात घरात हापूसची पेटी आली होती. त्यांनी दोनदा मागितला. मागितला म्हणजे काय, "वास छान येतोय" एवढंच म्हणाले. मी त्यांना पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवला. ते शिक्षक होते, रिपोर्ट नीट वाचून परत दिला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." तेव्हाही माझ्याकडे तक्ता होता. तेव्हाही माझे आकडे बरोबरच होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जेवणच सोडलं. भात पुढे आला की मान फिरवायचे. डॉक्टर म्हणाले होते, आता काही मागतील ते द्या. पण तेव्हा ते काही मागत नव्हते आणि आंबे संपले होते.

मी अजूनही असं म्हणणार नाही की तेव्हा आंबा द्यायला हवा होता. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबतं, ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नाही. मे महिन्यात ते चांगले चालत-बोलत होते, आणखी वर्षभर राहतील असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं. पण एक पातळ फोड, दुपारी, बाकीचं जेवण थोडं सांभाळून... विचारता आलं असतं डॉक्टरांना. मी विचारलं नाही. "नाही" हे उत्तर माझ्याकडे तयार होतं, मग विचारायचं कशाला?

हे मी रिक्षात बोललो नाही. "हो" एवढंच म्हणालो. आई खिडकीबाहेर बघत होती. तिनं हात टोपलीवर ठेवला होता, तो घरी येईपर्यंत काढला नाही.

तर आता आमच्या घरची व्यवस्था अशी आहे.

ठमीचं कोरडं खाणं कमी करून पथ्याचंच ओलं खाणं आणलं. थोडं महाग पडतं. ते आई कोमट करते. मांजराच्या अंगाइतकं कोमट, म्हणजे मनगटाला लागेल न लागेल एवढं. गरम झालं की वास सुटतो, आणि मांजर जिभेपेक्षा नाकानं जास्त जेवतं. त्यात चमचाभर चिकन उकडलेलं पाणी. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर चुकूनही नाही, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आई पलंगाच्या कडेला बसून बोटानं भरवते. पहिल्या आठवड्यात त्यात निम्मा दूधभात होता. डॉक्टरांना विचारून. मग दर दोन-तीन दिवसांनी तो कमी करत आणला. कमी मी केला नाही, आईनं केला. मी फक्त आकडे सांगायचो. आता रोज एक चमचा उरलाय, तो तसाच राहणार आहे. तो औषध नाही आणि पथ्यही नाही. तक्त्यात मी त्यासाठी एक वेगळा रकाना केलाय. त्याचं नाव "आई".

आता ठमीचं वजन ३.२ आहे. पुन्हा ३.६ होईल असं कुणी म्हणत नाही. क्रिएटिनिन फारसं वाढलेलं नाही. दर तीन महिन्यांनी तपासायचं. आजार जाणार नाहीये, हे आईला माझ्यापेक्षा नीट माहिती आहे. परवा मी वजनाचा आकडा सांगितला तर म्हणाली, "बरं आहे. जाईल तेव्हा पोट भरून जाईल."

सरदार ६.४ वर आलाय. महिन्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्याला अजून वाटतं की हा काही तात्पुरता घोटाळा आहे आणि लवकरच दुरुस्त होईल. पॉपकॉर्न मोठं होतंय. खोक्याचं भोक मी एकदा वाढवलं. आणखी वाढवलं तर सरदारही जाईल, तेव्हा त्या उपायाचे दिवस भरत आलेत. चिपची वाटी माळ्यावर आहे. तिचा उपयोग पुढेमागे होईल असं मी म्हणतो, बायको काही म्हणत नाही.

आणि माणसांचं? आमच्या टेबलावर आईची बिनमिठाची आमटी वेगळी असते. माझ्या पोळीला तूप नसतं. लेकीच्या ताटात दोघांचं मिळून तूप असतं. आईला बीपी आहे, पापड बंद आहे. गेल्या रविवारी मी बघितलं, तिनं लेकीच्या ताटातला पापडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

मी भाताकडे बघत होतो.

पाच वाजून गेलेत. रात्रीची पंगत नऊची असली तरी सरदारच्या मते तिची तयारी आत्तापासून सुरू व्हायला हवी. तो कीबोर्डवर बसायच्या आत थांबतो.